जुन्या विंडोजवरचा फायरफॉक्स ११५: अडीच वर्षांच्या वापरानंतर

अमळनेर तालुक्यात माझ्या थोरल्या भावाचे कृषी सेवा केंद्र आहे आणि त्याचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे व साठा नोंदवह्या मी सांभाळतो. दुकानातला संगणक २०११ साली घेतलेला, दोन जीबी रॅमचा आणि विंडोज ७ वर चालणारा आहे. त्याला पॅरलल पोर्टावर जोडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आजही तीन प्रतींची पावती एका दमात काढतो. याच संगणकावर जुलै २०२३ पासून आम्ही फायरफॉक्सची ११५ क्रमांकाची, विस्तारित पाठिंब्याची आवृत्ती वापरत आहोत. हे परीक्षण तिचे आहे. मात्र हा ब्राउझर आम्ही का घेतला हे सांगितल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही, आणि ते सांगताना कालबाह्य झालेल्या ऑपरेटिंग सिस्टिमला सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी किती दिवस सांभाळावे, हा प्रश्न येणारच. माझे मत आधीच नोंदवतो: जुन्या प्रणालीवर नव्या सोयी देण्याचे बंधन कोणावर नाही, पण चालू असलेले काम बंद पाडण्याचा अधिकारही कोणाला नाही.

२०२३ च्या जूनमध्ये पाऊस लांबला होता. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आभाळ भरून आले आणि दोन दिवसांत सगळा तालुका बियाण्यासाठी दुकानांवर आला. त्या सकाळी मी बिलाचे सॉफ्टवेअर उघडले, तर पडद्यावर एक लहानशी चौकट आली. कर्नल३२ नावाच्या फायलीत अमुक एक प्रवेशबिंदू सापडला नाही, एवढेच तिच्यात लिहिलेले होते. खालचे ‘ओके’ दाबले की सॉफ्टवेअर बंद होई. रात्री त्याने स्वतःहून नवी आवृत्ती उतरवून घेतली होती आणि ती आवृत्ती विंडोज १० च्या खाली चालत नव्हती. या कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण मला तक्रार एका कंपनीची मांडायची नसून पद्धतीची मांडायची आहे. मदत क्रमांकावर फोन केला तेव्हा नवा संगणक घ्यावा असे उत्तर मिळाले. जुनी आवृत्ती परत बसवावी म्हटले तर तिची फाईल त्यांच्या संकेतस्थळावरून काढून टाकलेली होती. पारोळ्याच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे जुनी सीडी मिळाली, ती बसवलीही, पण रात्रीच्या बदलात आमची माहिती नव्या साच्यात गेली होती आणि जुनी आवृत्ती ती वाचायला तयार नव्हती.

शेतीशी संबंध नसलेल्या वाचकाला वाटेल की बिल हाताने लिहिले तर काय बिघडते. बियाण्याच्या पावतीवर वाण, लॉट क्रमांक, वैधतेची मुदत आणि शेतकऱ्याची सही लागते. उगवण झाली नाही किंवा बियाणे भेसळीचे निघाले, तर कृषी विभागाकडे तक्रार करताना शेतकऱ्याच्या हातात पिशवीचे लेबल आणि ही पावती, एवढाच पुरावा असतो. त्यामुळे समोरचा माणूस घाईत असला तरी पावती सोडत नाही. गल्ल्यासमोर उभे असलेले एक वयस्कर शेतकरी वर पाहत म्हणाले, “भो, आभाय भरी उनं, माले लॉट नंबर लिखेल पावती दे.” आम्ही चार दिवस कार्बन घालून बिलबुकात पावत्या लिहिल्या. पाचव्या दिवशी साठ्याशी ताळा करताना एका पावतीवर लॉट क्रमांकाचे दोन आकडे उलटसुलट झालेले आढळले. दादा स्वतः मोटरसायकलने त्या शेतकऱ्याच्या गावी गेला आणि पावती दुरुस्त करून, सही घेऊन आला. त्या हंगामात त्या लॉटबद्दल तक्रार आली नाही. आली असती, तर दोन आकड्यांपायी त्या माणसाचा दावा फेटाळला गेला असता, हे मला अजून बोचते.

याच आठवड्यात मी दुकानातले प्रत्येक सॉफ्टवेअर तपासायला घेतले. आमच्या संगणकावर तेव्हा क्रोम होता. त्याची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती होती, आणि पुढच्या सुधारणांसाठी विंडोज १० लागेल अशी पट्टी तो वरच्या बाजूला दाखवत असे. म्हणजे ही सूचना उघडपणे आणि वेळेवर दिलेली होती, ती मीच मनावर घेतली नव्हती. ४ जुलै २०२३ रोजी फायरफॉक्स ११५ बाजारात आला. विंडोज ७, ८ आणि ८.१ साठी ही शेवटची आवृत्ती असेल, मात्र तिला सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहतील असे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने जाहीर केले होते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सर्वसाधारण पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला, पैसे भरून मिळणाऱ्या दुरुस्त्याही १० जानेवारी २०२३ रोजी संपल्या. घर बांधणाऱ्याने हात वर केल्यानंतरही खिडकीच्या कारागिराने येत राहावे, तसा हा प्रकार होता. आम्ही फायरफॉक्स ११५ उतरवून घेतला.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. दोन जीबी रॅमवर तीन टॅब सुखाने चालतात. जीएसटीचे पोर्टल, कंपन्यांच्या मागणीचे पान आणि ईमेल एकत्र उघडे असले तरी टंकलेखनात अडखळ येत नाही. चौथा टॅब व्हॉट्सअ‍ॅप वेबचा उघडला की मात्र यंत्र दमते आणि हार्डडिस्कचा दिवा विझेनासा होतो, म्हणून व्हॉट्सअ‍ॅप आम्ही फोनवरच ठेवले आहे. चित्रफिती अडखळतात, पण तो दोष ब्राउझरचा नाही. यूट्यूबवर आज वापरल्या जाणाऱ्या चित्रफितींची संकेतपद्धती जुन्या प्रोसेसरला उलगडण्यासाठी सगळे काम स्वतःच्या बळावर करावे लागते. पीडीएफ उघडणे आणि छापणे उत्तम आहे. सातबाऱ्याचे उतारे, चलने आणि विवरणपत्रांच्या पोचपावत्या वेगळे सॉफ्टवेअर न बसवता याच खिडकीत दिसतात. दर चार आठवड्यांनी एक लहान अद्ययावतीकरण येते, संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही, आणि आजवर एकाही अद्ययावतीकरणाने आमच्या नोंदींना किंवा साठवलेल्या पासवर्डांना धक्का लावलेला नाही. जूनमधल्या त्या सकाळनंतर मला याच गोष्टीचे सर्वाधिक अप्रूप वाटते.

या ब्राउझरचा खरा गुण पडद्यावर दिसत नाही. एखादे संकेतस्थळ खरे आहे की नाही हे ठरवण्यासाठी ब्राउझरजवळ विश्वासू प्रमाणपत्र संस्थांची यादी असावी लागते. बरीच सॉफ्टवेअरे ही यादी विंडोजकडून घेतात. विंडोजच जुने झाले की यादी शिळी होते, आणि काहीही चूक नसलेले संकेतस्थळ असुरक्षित दिसू लागते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत प्रमाणपत्रे देणारी संस्था ज्याचा आधार घेत होती ते दुसऱ्या संस्थेचे एक जुने मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले, तेव्हा जगभरातील जुन्या यंत्रांवर नेमके हेच घडले. फायरफॉक्स मात्र प्रमाणपत्रांची यादी आणि जोडणी सांकेतिक करण्याची यंत्रणा, दोन्ही स्वतःबरोबर आणतो. जुन्या अँड्रॉइड फोनधारकांनी या अडचणीवर उपाय म्हणून फायरफॉक्स वापरावा, असे लेट्स एन्क्रिप्टनेच सुचवले होते. २००९ सालच्या प्रणालीवर बसून आज बँक किंवा सरकारी पोर्टलाशी आधुनिक पद्धतीची सुरक्षित जोडणी होऊ शकते, ती या रचनेमुळे. ज्या सॉफ्टवेअरने आपला पाया स्वतः वाहून आणलेला असतो, त्याला जुन्या घरातही नीट उभे राहता येते, आणि ही गोष्ट बिलाचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी आवर्जून शिकण्यासारखी आहे.

प्रणाली जुनी होते म्हणजे काय होते, याचे एक लहान उदाहरण आमच्या पावतीवरच आहे. रुपयाचे ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले, तर विंडोज ७ त्याच्या नऊ महिने आधी, ऑक्टोबर २००९ मध्ये आलेले होते. त्यामुळे मूळ विंडोज ७ ला आपल्या देशाच्या चलनाचे चिन्ह ठाऊकच नव्हते, त्याच्या जागी रिकामी चौकट उमटत असे. मायक्रोसॉफ्टने नंतर वेगळे अद्ययावतीकरण देऊन ते चिन्ह विंडोजमध्ये घातले. आमच्या संगणकावर ते कित्येक वर्षे बसवलेले नव्हते, कारण तेव्हा आम्ही डोंगल वापरत होतो, त्यावरचे इंटरनेट मोजून-मापून खर्च करावे लागे आणि म्हणून स्वयंचलित अद्ययावतीकरण बंद ठेवलेले होते. पाठिंबा संपल्याचे दुःख आम्ही आज करतो, पण पाठिंबा चालू असताना तो घेतला नव्हता, हेही तितकेच खरे आहे.

याच कारणाने या ब्राउझरच्या मर्यादा स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. फायरफॉक्सला मिळणाऱ्या दुरुस्त्या फायरफॉक्सपुरत्याच असतात. त्याच्याखालच्या विंडोजमध्ये जी भोके आहेत ती तशीच राहतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर संगणक बंद पाडले, तो ब्राउझरमधून शिरणारा नव्हता. विंडोजच्या फाईल-वाटपाच्या जुन्या यंत्रणेतील एका दोषावर तो पसरला. त्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. विशेष म्हणजे ज्या विंडोज एक्सपीचा पाठिंबा एप्रिल २०१४ मध्ये संपला होता, तिच्यासाठीही त्या मे महिन्यात खास दुरुस्ती काढण्यात आली. मात्र ज्यांना बाधा झाली ते संगणक बहुतांशी विंडोज ७ चे होते, म्हणजे त्या वेळी पाठिंबा सुरू असलेल्या प्रणालीचे. तेथे दुरुस्ती बसवलेली नव्हती. म्हणून फायरफॉक्स ११५ बसवला की जुना संगणक सुरक्षित झाला, असे कोणी समजू नये. आमच्या यंत्रावर फाईल-वाटप बंद आहे, अनोळखी पेनड्राइव्ह लावला जात नाही, आणि बँकेचे व्यवहार दादा दुसऱ्या यंत्रावरच करतो. एका बँकेच्या पानाने अलीकडे हा ब्राउझर जुना असल्याचे सांगून आत घेण्यास नकारही दिला. त्यात मी बँकेला दोष देत नाही.

दुसरी बाजू मला माझ्या भाचीने समजावून दिली. ती पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि दिवाळीला आली की दुकानाच्या संगणकावर एकदा हात फिरवून जाते. बिलाच्या सॉफ्टवेअरबद्दलचा माझा राग ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “मामा, ज्या अवजारांनी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो तीच विंडोज ७ सोडून पुढे जातात, मग आम्ही काय करणार?” तिने सांगितलेली यादी मी नंतर पडताळून पाहिली. पायथॉन या भाषेची ३.८ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, ३.९ पासून ती चालत नाही. गो भाषेने १.२१ पासून विंडोज १० ही किमान अट केली. खिडक्या, बटणे आणि पडदे बनवण्यासाठी वापरला जाणारा क्यूटी हा संच सहाव्या आवृत्तीपासून विंडोज ७ वर चालत नाही. क्रोमच्या गाभ्यावर उभ्या असलेल्या इलेक्ट्रॉन या संचाने २३ व्या आवृत्तीपासून तेच केले. आठ-दहा माणसांच्या कंपनीने जुन्या अवजारांवर थांबायचे ठरवले, तर त्या अवजारांमधले दोष कोणी दुरुस्त करत नाही. पुढे जायचे ठरवले, तर आमच्यासारखी गिऱ्हाइके तुटतात. शिवाय प्रत्येक बदल प्रत्येक जुन्या प्रणालीवर तपासून पाहावा लागतो, आणि एखादा दोष खुद्द विंडोजमध्येच निघाला तर तो दुरुस्त करून घ्यायला कोणाकडे जायचे, याला उत्तर नसते.

हे सगळे मला पटले. जुन्या प्रणालीला अनंतकाळ सांभाळा अशी मागणी करणे म्हणजे दुसऱ्याच्या श्रमांवर आपला खर्च वाचवणे होय, आणि ज्या छोट्या विकसकाकडून आपण वर्षाला दोन-तीन हजार रुपयांत सेवा घेतो त्याच्याकडे तशी मागणी करणे अन्यायाचे आहे. तरीही त्या सकाळचे समर्थन यातून होत नाही. नवी अवजारे घेणे ही गरज होती, पण रात्रीतून, ऐन हंगामात, संगणकावर कोणती प्रणाली आहे हे न पाहता नवी आवृत्ती लादणे ही गरज नव्हती. बसवण्याआधी विंडोजचा क्रमांक तपासणे हे काही ओळींचे काम आहे. जुन्या आवृत्तीची फाईल संकेतस्थळावर एका कोपऱ्यात ठेवायला कवडीचाही खर्च नाही. माहिती नव्या साच्यात नेण्यापूर्वी जुन्या साच्याची एक प्रत बाजूला ठेवणे, हा तर कोणत्याही मुनीमजीला ठाऊक असलेला नियम आहे: नवे खाते घातले तरी जुनी वही कोणी फाडत नाही.

फायरफॉक्सने या तिन्ही गोष्टी केल्या आहेत. विंडोज ७ वर असलेल्या संगणकांना त्याने आपोआप ११५ च्या विस्तारित शाखेवर नेऊन ठेवले, म्हणजे पुढची न चालणारी आवृत्ती त्यांच्यावर येऊन पडलीच नाही. जुन्या आवृत्त्यांच्या फायली मोझिलाच्या भांडारात खुल्या आहेत. पासवर्ड साध्या तक्त्याच्या फाईलमध्ये आणि वाचनखुणा वेबपानाच्या साच्यात बाहेर काढता येतात, त्यासाठी कोणाला फोन करावा लागत नाही. एक्सपीच्या बाबतीतही त्यांनी असेच वागून दाखवले होते. क्रोमने एक्सपी २०१६ मध्ये सोडली, तर फायरफॉक्सने तिच्या वापरकर्त्यांना ५२ क्रमांकाच्या विस्तारित आवृत्तीवर नेऊन २०१८ पर्यंत सांभाळले.

माझी या ब्राउझरविषयी एक तक्रार आहे आणि ती मुदतीविषयी आहे. विंडोज ७ वरचा पाठिंबा आधी सप्टेंबर २०२४ पर्यंत सांगितला होता, तो मार्च २०२५ पर्यंत वाढला, मग सप्टेंबर २०२५, आणि त्यानंतर मार्च २०२६. प्रत्येक वाढ आमच्या फायद्याचीच होती आणि तिच्याबद्दल मी कृतज्ञ आहे, परंतु सहा-सहा महिन्यांच्या हप्त्यांनी मिळणारे अभय दुकानदाराला निर्णय पुढे ढकलायला लावते. आम्हीही दोनदा ढकलला. खेड्यातल्या दुकानाच्या वर्षाला खरीप आणि रब्बी असे दोन कणे असतात. संगणक बदलायचा तर उन्हाळ्याच्या मोकळ्या दिवसांतच बदलता येतो, आणि सप्टेंबरमध्ये संपणारी मुदत आमच्या कामाची नसते. दोन वर्षांची ठाम तारीख पहिल्याच दिवशी मिळाली असती, तर तीच मला अधिक उपयोगी पडली असती.

नवा संगणक घेण्यासाठी आम्ही अखेर जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये गेलो. तेथे आणि अन्यत्रही वापरून परत आलेल्या संगणकांचा मोठा बाजार आहे, आणि खानदेशातले बहुतेक लहान दुकानदार तोच माल घेतात. त्यांनी एक गोष्ट विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत: प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या दुरुस्त्या वेगळी नोंदणी करून मिळतात, पुढे काही नाही. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. सहाव्या पिढीचा, चकाचक पुसलेला, विंडोज १० घातलेला संगणक आज स्वस्तात मिळत असेल, तर तो आमच्या जुन्या यंत्राच्याच वाटेवर निघालेला आहे. असे यंत्र आधीच घरात असेल, तर केवळ इंटरनेट आणि पत्रव्यवहारासाठी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घालून पाहावी. २०२४ च्या जुलैमध्ये आलेल्या तिच्या बाविसाव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. आमचे बिलाचे सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही, म्हणून आम्हाला तो मार्ग घेता आला नाही.

फायरफॉक्स ११५ ला मी पाचपैकी साडेचार गुण देतो. ज्यांना आणखी काही महिने जुन्या विंडोजवर काढणे भाग आहे, त्यांनी इतर कोणताही मुदत संपलेला ब्राउझर न वापरता हाच घ्यावा आणि त्यावर बँक उघडू नये. आठव्या पिढीचा संगणक आता गल्ल्यापाशी आला आहे आणि बिलाचे सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचे घेतले आहे. ते घेण्यापूर्वी मी त्यांना दोनच प्रश्न विचारले. अद्ययावतीकरण आमच्या परवानगीशिवाय होईल का, आणि सर्व नोंदी साध्या तक्त्यात बाहेर काढता येतात का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी तोंडी स्वीकारले नाही. त्यांच्या माणसासमोर गेल्या हंगामातल्या कापसाच्या सगळ्या पावत्या बाहेर काढून घेतल्या आणि त्यातला प्रत्येक लॉट क्रमांक बिलबुकाशी पडताळून पाहिला. जुन्या संगणकाची इंटरनेटची तार फायरफॉक्सची मुदत संपेल त्या दिवशी काढली जाईल. प्रिंटर अजून त्यालाच जोडलेला असल्याने पावत्या छापण्याचे काम मात्र तोच करत राहील.